जामठ्याचे पाच दिवस

इतवारीतील आमच्या पेढीवर आवक, जावक आणि उधारी यांच्या हिशेबात वर्ष केव्हा सरते ते कळत नाही. परंतु २०२५ च्या फेब्रुवारीअखेर मी पाच दिवस गल्ला धाकट्या भावाच्या स्वाधीन केला आणि रोज सकाळी डबा घेऊन निघालो. सीताबर्डीहून मेट्रोने खापरीपर्यंत आणि तेथून रिक्षाने जामठा. विदर्भ आणि केरळ यांच्यातील रणजी करंडकाचा अंतिम सामना २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, तेथे सुरू होणार होता.

वर्धा मार्गावरील हे मैदान शहराबाहेर, मोकळ्या माळावर उभे आहे. २००८ साली सौरव गांगुली आपली अखेरची कसोटी येथेच खेळले. आंतरराष्ट्रीय सामन्याला येथे पाय ठेवायला जागा नसते. रणजीला प्रेक्षक विरळ असतात, म्हणूनच शेजाऱ्याशी ओळख होते. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसत. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांचे डबे वाटून खाऊ लागलो.

पहिल्या सकाळी विदर्भाचे ३ गडी २४ धावांत बाद झाले. नंतर दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. मालेवारच्या १५३ आणि नायरच्या ८६ धावांमुळे विदर्भ ३७९ पर्यंत पोहोचला.

केरळ प्रथमच अंतिम फेरीत आला होता, आणि तोही कसा! उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्या डावाची आघाडी एका धावेची, उपांत्य सामन्यात दोन धावांची. एवढ्या बारीक नफ्यावर पेढी कशी उभी राहते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

त्या केरळच्या डावात आदित्य सरवटे फलंदाजीला आला, आणि आमच्या बाकावर शांतता पसरली. सरवटे नागपूरचा. २०१९ च्या फेब्रुवारीत, याच मैदानावर, सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन त्याने विदर्भाला करंडक मिळवून दिला होता. आता तो केरळकडून, आपल्याच गावात, आपल्याच संघाविरुद्ध ७९ धावा काढीत होता. टाळ्या वाजवाव्यात की नाही? मास्तरांनी प्रथम वाजवल्या. म्हणाले, “आपलाच पोट्टा आहे नं जी! तिकडून खेळला म्हणून काय झालं?”

हे वाक्य मला लागले. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा पेढीवर न बसता नोकरीसाठी बंगळुरूला गेला. तेव्हापासून कोणी विचारले की मी एकच उत्तर देत असे, “तो गेला.” आमच्यात बोलणे होई, पण प्रकृती आणि हवापाणी यांपलीकडे फारसे नाही.

केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला. शतकाला दोन धावा उण्या राहिल्या. केरळचा डाव ३४२ वर संपला आणि विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली. सामना अनिर्णित राहिला तर याच ३७ धावांवर करंडक ठरणार होता.

चौथ्या दिवशी नायरने शतक केले आणि नऊ बोटे उंचावली. मोसमातील ते त्याचे नववे शतक. नायर घराणे मूळचे केरळचे, करुण वाढला बंगळुरूत, क्रिकेट शिकला कर्नाटकात आणि आता केरळविरुद्ध विदर्भाचा आधार झाला होता. पाचव्या दिवशी, २ मार्चच्या रविवारी, तो १३५ धावांवर यष्टिचीत झाला. गोलंदाज होता सरवटे. नागपूरच्या मुलाने केरळसाठी, केरळच्या मुळाच्या फलंदाजाला, विदर्भाकडून खेळताना बाद केले. तो क्षण कोणाचा, हे सांगणे कठीण होते. आम्ही दोघांसाठीही उभे राहिलो.

विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना खेळ थांबला. सामना अनिर्णित, पण करंडक तिसऱ्यांदा विदर्भाचा. हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन नवा विक्रम केला होता.

परतताना मेट्रोत मी पणजोबांचा विचार करीत होतो. मारवाडातील गाव सोडून ते इतवारीत आले, तेव्हा तेथेही कोणी “तो गेला” असेच म्हटले असेल. त्यांच्या जाण्यातूनच आमचे नागपूर उभे राहिले. नायरला आपले म्हणताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. मग स्वतःच्या मुलाचाच हिशेब मी इतका काटेकोर का ठेवला होता?

सीताबर्डी येण्यापूर्वीच फोन वाजला. पाचही दिवस तो कार्यालयातून धावसंख्या पाहत होता.

“पप्पा, जिंकलो ना आपण?”

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन निराळे शब्द आहेत, याचे मोल त्या क्षणी कळले. “हो, जिंकलो आपण,” मी म्हणालो, आणि घर येईपर्यंत आम्ही बोलत राहिलो.