विरजण

समोरच्या बिऱ्हाडातल्या माशीमा लेकाकडे राहायला कोलकात्याहून आल्या. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. दुपारी गॅलरीत बोडी, म्हणजे आपले सांडगे, राखत बसायच्या. त्या हसायच्या, मी हसायचे. बोलणं तिथेच संपायचं. एकदा त्या मुक्या हसण्याची मलाच लाज वाटली आणि बंगाली शिकायला मी ‘सहज पाठ’ मागवलं. रवींद्रनाथांचं मुलांसाठीचं हे पुस्तक १९३० सालचं, नंदलाल बसूंच्या चित्रांनी सजलेलं. पन्नाशीला मुळाक्षरं? पण पु. ल. देशपांडेही पन्नाशीच्या आसपासच बंगालीसाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते. ‘वंगचित्रे’ हे त्यांचं पुस्तक त्यातूनच आलं.

पहिले पंधरा दिवस नुसती चंगळ. तो आला, ती आली, दोघांना मिळून एकच ‘एलो’! ‘अ’ उच्चारताना ओठ गोल होऊ लागले, पाणी चक्क ‘खायचं’ झालं. मग ओहोटी लागली. माशीमा दोन वाक्यं सलग बोलल्या की मी पुन्हा आपली हसायचे. स्वतःला धाक घालून पाहिला: रोज वीस शब्द, चुकलं की कॅलेंडरवर फुली. फुल्या वाढत गेल्या, आणि पुस्तकाच्या वाटेला जायचीच भीती वाटू लागली.

एका रात्री दुधाला विरजण लावत होते. आई म्हणायची, दूध कढत असेल तर विरजण मरतं. माझा सुरुवातीचा उत्साह तसाच कढत होता. शिवाय आई दह्याचं भांडं कधी पुसून खाऊ द्यायची नाही. चमचाभर उद्यासाठी ठेवायची. नाहीतर वाटी घेऊन शेजारी जावं लागे. मी मात्र रोजचा धडा चाटूनपुसून संपवत होते. उद्याचं दही लागणार कशावर?

तेव्हापासून धडा पुरा करत नाही. एखादी ओळ अर्धी कळलेली तशीच ठेवते. रात्रभर ती आत मुरते. कधी सकाळी पोळ्या लाटताना अर्थ अवचित लागतो. नाहीच लागला, तर समोरचं दार ठोठावायला निमित्त होतं. अशी एकेक ओळ घेऊन वर्ष सरलं. कितीदा चुकले. माशीमा पोट धरून हसल्या, मीही हसले. पण आता त्या हसण्याला शब्द होते.

काल त्यांच्याकडून निघताना ऐटीत म्हटलं, “जाच्छी.” त्यांनी हात धरून थांबवलं. “जाच्छी बोलते नेई. बोलो, आशी.”

आशी. येते.

उंबऱ्यात आई असंच दटावायची, ‘जाते म्हणू नये गं, येते म्हणावं.’ तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परकी म्हणून शिकायला घेतलेल्या भाषेत तिचं ते दटावणं जसंच्या तसं पुन्हा कानावर आलं.

“आशी,” म्हटलं आणि घरी आले. पुस्तक उघडलं नाही. उद्यासाठी एवढं पुरे होतं.