पाच वॅटांचा अॅम्प

गिटारचा छोटा व्हॉल्व्ह अॅम्प घरी बांधायचा तर सर्किटचा विचार सर्वांत आधी सुचतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बांधणाऱ्याने त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात : अॅम्प कुठे वाजणार, ट्रान्सफॉर्मर कोणता मिळणार आणि पावसाळ्यात तो कसा टिकणार. ही उत्तरे हाती आली की सर्किट निवडणे सोपे होते.

आवाज कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणजे ५० वॅटांचा अॅम्प ५ वॅटांच्या अॅम्पपेक्षा जेमतेम दुपटीने मोठा वाटतो. व्हॉल्व्हचा भरदार, किंचित फाटणारा स्वर पॉवर व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला पोचल्यावर येतो. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये ५० वॅटांचा अॅम्प तिथवर नेताच येत नाही. ५ वॅटांचा नेता येतो, पण तोही दिवसाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे.

या मापात तीन जुनी सर्किटे बसतात. फेंडर चॅम्प ५एफ१ मध्ये एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, पॉवर व्हॉल्व्ह म्हणून एक ६व्ही६, रेक्टिफायर म्हणून ५वाय३, सुमारे वीस रेझिस्टर-कपॅसिटर आणि व्हॉल्यूमचे एकच बटण असते. प्रिन्स्टन ५एफ२-ए म्हणजे जवळपास हेच सर्किट, वर टोन कंट्रोल. व्हॉक्स एसी४ मध्ये ईएफ८६ आणि ईएल८४ हे व्हॉल्व्ह येतात. त्याचा स्वर अधिक टोकदार, पण ईएफ८६ हादऱ्याने कुणकुणतो आणि पहिल्या बांधणीत त्याचा दोष शोधणे अवघड जाते. डीलक्स ५ई३ मध्ये दोन ६व्ही६ आणि १२ इंची स्पीकर असतो. तो उत्तम अॅम्प आहे, मात्र फ्लॅटसाठी मोठा.

खरी निवड ट्रान्सफॉर्मरची. अमेरिकन अॅम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला असतो. व्होल्टेज उतरवून दिले तरी ५० हर्ट्झवर त्याच्या गाभ्यावरचा चुंबकीय भार २० टक्क्यांनी वाढतो आणि तो तापतो. म्हणून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच घ्यावा किंवा गुंडाळून घ्यावा. चॅम्पसाठी ३२५-०-३२५, ६.३ आणि ५ व्होल्ट अशी वाइंडिंग लागतात. घरातला पुरवठा २५३ व्होल्टपर्यंत चढला तर ६.३ चे ६.९ होतात, म्हणून आधी मीटर लावून पाहावे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या सर्किटचा, गाभ्यात हवेची फट ठेवलेलाच हवा, कारण त्यातून डीसी सतत वाहतो. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात. मध्य रेल्वेने जाणाऱ्याला दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे लागते, तेव्हा यादी शेवटच्या रेझिस्टरपर्यंत लिहून न्यावी.

दुसरा स्रोत जुना रेडिओ. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यातच होता, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी८३, ईएल८४ जुन्या मालात अजून सापडतात. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. ईएल८४ मात्र ६व्ही६ च्या जागी तसाच चालत नाही : त्याचा सॉकेट, कॅथोड रेझिस्टर आणि प्लेट व्होल्टेज वेगळे. ‘यू’ अक्षराने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचे एसी-डीसी रेडिओ टाळावेत. त्यांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिसवर थेट मेन्सचा करंट येऊ शकतो. चालू रेडिओ कधीही मोडू नये. तो दुरुस्त करून ठेवणे हे अॅम्प बांधण्याइतकेच मोलाचे काम आहे.

खाडीकाठच्या दमट हवेत फेंडरचा मूळ फायबर बोर्ड ओल शोषतो आणि स्वतःच वीज वाहू लागतो. मग बायस सरकतो, खरखर सुरू होते. त्यासाठी ग्लास-इपॉक्सी बोर्ड किंवा टॅग स्ट्रिप वापरावी. पेटीला आतूनही पॉलिश द्यावे. पावसाळ्यात अॅम्प आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू ठेवावा.

आत ३५० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि अॅम्प बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. हात घालण्यापूर्वी प्लग काढावा, रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामे करावेत, मीटरवर खात्री करावी. जुन्या अॅम्पची दोन तारांची कॉर्ड नको. तीन पिनांचा प्लग, चॅसिसला पक्के अर्थिंग आणि फ्यूज हवाच. जुन्या इमारतीत अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पहिल्या बांधणीसाठी चॅम्प ५एफ१ हीच योग्य निवड. भाग कमी असल्याने चूक लवकर सापडते आणि प्रत्येक भाग काय करतो ते शिकता येते. रेडिओतला चांगला ट्रान्सफॉर्मर हाती आला तर ईएल८४ चे सर्किट घ्यावे. दोन्हींत पॉवर व्हॉल्व्ह एकेकच असतो, आणि घरात वाजवायला तेवढा पुरतो.