वाऱ्याचा डोळा

गाडीत आपल्याला विंडो सीट हवी असते, संगणकावर एकावर एक चार विंडो उघड्या असतात. इतका रुळलेला हा शब्द, पण त्याचं मूळ घर धुरानं भरलेलं होतं.

उत्तरेकडच्या नॉर्स लोकांची ती लांबलचक घरं. मधोमध जमिनीवरच जाळ पेटवलेला, आणि थंडी शिरू नये म्हणून भिंती जवळजवळ बंद. डोळे चुरचुरवणारा धूर छपरातल्या भोकातून बाहेर पडायचा, तिथूनच थोडा उजेड खाली उतरायचा. वाऱ्याला मोकळं असणाऱ्या अशा झरोक्याला त्यांचा शब्द होता 'विंदाउगा'. 'विंद' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. नवव्या शतकात हे लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्वेला वस्ती करून राहिले आणि पुढे त्यांचा शब्द इंग्रजीचाच झाला. जुनी इंग्रजी खिडकीला 'डोळ्याचं भोक' म्हणायची. तो शब्द लोपला, पण त्यातला भोकाचा 'थिर्ल' नाकानं जपून ठेवला. नाकपुडीच्या 'नॉस्ट्रिल'मध्ये तो अजून आहे.

मला खरा आनंद होतो तो पुढे. संस्कृतात खिडकी म्हणजे 'वातायन', वाऱ्याची वाट. आणि 'गवाक्ष', बैलाचा डोळा. एकात वारा, दुसऱ्यात डोळा! शिवाय 'विंद' आणि 'वात' मुळात एकाच कुळातले. रशियन 'अक्नो'च्या पोटातही डोळाच आहे, 'ओको'. तो आपल्या 'अक्षि'चा भाऊबंद. कार्ल्याच्या लेण्यात दर्शनी भिंतीतल्या भल्या मोठ्या कमानदार गवाक्षातून उजेड खांबांच्या रांगांमधून स्तूपाकडे जातो. तिथं उभं राहिलं की घरालाही दृष्टी असते, हे पटतं.

म्हणूनच इंग्लंडच्या खिडकीपट्टीचा मला राग येतो. 1696 साली सरकारनं घराच्या खिडक्या मोजून कर बसवला. लोकांनी तो चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. भाड्याच्या घरांत कोंडून राहणाऱ्या गरिबांना तर विचारलंच कुणी नाही. खिडकी ठेवायची की लिंपायची, ते घरमालक ठरवायचा. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून रोगराई वाढते, हे डॉक्टर परोपरीनं सांगत राहिले. चार्ल्स डिकन्सनंही या कराविरुद्ध लिहिलं. तो कर उठायला 1851 साल उजाडावं लागलं.