अण्णांचं गॅरेज

आमचे अण्णा सैन्याच्या ई.एम.ई. दलात मेकॅनिक होते. १९७१च्या युद्धात रात्र-रात्र जागून त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर सुरतेत, उधन्याला गॅरेज टाकलं. सूर्यास्ताआधी जेवायचं आणि पुन्हा पाना हातात घ्यायचा, असा त्यांचा नेम.

ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणाचं पाणी सोडलं, तापीला पूर आला नि शहराचा मोठा भाग बुडाला. पाणी ओसरल्यावर दारात रिक्षांची रांग लागली. "चावी फिरवू नका, इंजिन जाईल," असं बजावत अण्णा आधी ऑइल काढायचे, मग चिखल धुवायचे.

आई म्हणाली, "मजुरी तरी घ्या हो."

"अगं, त्यांची घरं वाहून गेलीत. सामानाचे पैसे दिले, पुष्कळ झालं."

अपरिग्रह मी प्रवचनात ऐकला होता. घरात तो असा दिसला.