बालाघाटावरची अपुरी वेधशाळा

१/ इ.स. १४०७ च्या सुमारास बहमनी सुलतान फिरोजशाहाने दौलताबादनजीकच्या बालाघाटावर वेधशाळा बांधण्याचा हुकूम सोडला. हकीम हसन गिलानी आणि सय्यद महमूद गाझरूनी या विद्वानांकडे काम सोपवले गेले. पुढे हकीम हसन वारला आणि वेधशाळा अपुरीच राहिली.

२/ ही हकीकत फिरिश्ता सांगतो. तो विजापूरच्या आदिलशाही दरबारात, घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहीत होता. त्यामुळे तपशील जपूनच वापरावा लागतो. तरीही एक प्रश्न उरतो : सुलतानाला आकाश कशासाठी हवे होते?

३/ फिरोजशाह विद्याव्यासंगी म्हणून ख्यात होता. पण त्या काळी वेधशाळा ही केवळ ज्ञानाची जागा नव्हती. ग्रहगणितावर फलज्योतिष चाले आणि फलज्योतिषावर राजाचे मुहूर्त ठरत. शिवाय हुलागूने १२५९ मध्ये मराघा येथे वेधशाळा उभारल्यापासून असे काम थोर राजाला शोभणारे मानले जाई. दौलताबाद तर प्रतिष्ठेचेच स्थान : १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी येथे हलवली आणि १३४७ मध्ये बहमनी सत्तेचा आरंभ येथेच झाला.

४/ हकीम हसन गेला, सुलतान नव्हे. फिरोजशाह १४२२ पर्यंत गादीवर होता. मग काम का थांबले? हकिमाच्या तोडीचा माणूस मिळाला नसेल, किंवा दरबाराचे लक्ष विजयनगराच्या युद्धांकडे वळले असेल. हेतू ठामपणे सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते की योजना एका माणसावर उभी होती आणि त्याच्याबरोबर ती संपली.

५/ समरकंदला उलुघ बेगाची वेधशाळा पुरी झाली. १४४९ मध्ये त्याचा खून झाला आणि वेधशाळाही मोडकळीस आली. पण हजाराहून अधिक ताऱ्यांची त्याची सारणी टिकली. तीनशे वर्षांनी सवाई जयसिंगाने आपल्या गणितासाठी तिचाच आधार घेतला. आश्रयदाता गेला, वास्तू गेली, नोंद राहिली.

६/ आधुनिक काळातही हेतू फारसे निर्मळ नाहीत. सप्टेंबर १९६२ मध्ये केनेडी जाहीर भाषणात ज्ञान आणि शांतता यांबद्दल बोलले. नोव्हेंबरात बंद दाराआड, ध्वनिमुद्रित झालेल्या बैठकीत, त्यांनी नासाच्या प्रमुखांना सांगितले की खरा प्रश्न रशियाला मागे टाकण्याचा आहे, एरवी आपल्याला अंतराळात तेवढा रस नाही. शर्यत जिंकली आणि ओघ आटला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ परतले. त्याच वेळी मराठवाडा दुष्काळात होरपळत होता. त्यानंतर चंद्रावर कोणी पाऊल ठेवलेले नाही.

७/ भारतातही तारखा बोलक्या आहेत. चांद्रयानाची घोषणा १५ ऑगस्ट २००३ रोजी लाल किल्ल्यावरून झाली. गगनयानाची घोषणाही १५ ऑगस्टलाच, २०१८ मध्ये, तेथूनच झाली. उद्दिष्ट होते २०२२, म्हणजे स्वातंत्र्याचे अमृतमहोत्सवी वर्ष. ते वर्ष सरले, उड्डाण झाले नाही. यंत्रे दिनदर्शिका पाहून सिद्ध होत नाहीत.

८/ पण चांद्रयान-१ ची गोष्ट येथे संपत नाही. घोषणा वाजपेयींच्या काळात झाली, उड्डाण २००८ मध्ये मनमोहनसिंगांच्या काळात. सरकार बदलले, योजना टिकली. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला, नेहरूंच्या जयंतीदिनी, तिरंगा रंगवलेली एक पेटी चंद्रावर आदळली. उतरता उतरता तिच्यातल्याच एका उपकरणाने पाण्याच्या खुणा टिपल्या. ध्वज आणि शोध एकाच पेटीत होते.

९/ म्हणून सत्ताधाऱ्याचा हेतू तपासावा, पण तेवढ्यावर थांबू नये. संशयाला पुढचे प्रश्नही हवेत : घोषणा करणारा गेल्यावर काम कोण चालवणार? खर्चाचा आणि अपयशाचा हिशेब कोणाला मिळणार? नोंदी कोणाच्या हाती राहणार? बालाघाटावर या प्रश्नांना उत्तर नव्हते. म्हणून तिथल्या आकाशाची एकही नोंद मागे उरली नाही. उरला तो केवळ हुकूम.