मुंबई ते लंडन : किती कोस, किती तास?

आपल्या वस्तीतल्या एखाद्या घरातून मुलगा किंवा मुलगी शिकायला लंडनला निघाली, की आजी पहिला प्रश्न विचारते, "किती लांब आहे गं ते?" या प्रश्नाचे नीट उत्तर आपल्या प्रत्येक घरात असायला हवे.

मुंबईच्या सहार विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळाचे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने आठ तास पुरायला हवेत. पण जाताना साडेनऊ-दहा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो विमानाला अडवतो आणि येताना पाठीवर घेतो. म्हणून परतीचा प्रवास तासाभराने लवकर संपतो. वाटेतल्या देशांचे आकाश बंद असले, तर वळसा पडतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा त्या देशावरून प्रवासी विमाने जाणे थांबले.

घड्याळाचाही घोळ समजून घेऊ. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेचार तास. रात्री दोनला निघालेले विमान साडेनऊ तासांनी उतरले, तर आपल्याकडे सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि तिथे हिवाळ्यातले पहाटेचे सहा. लेकराला फोन करण्याआधी आईने एवढी वजाबाकी करावी.

हेच अंतर परमपूज्य बाबासाहेबांनी समुद्रावरून कापले. ऑक्टोबर १९३० मध्ये ते पहिल्या गोलमेज परिषदेसाठी निघाले, तेव्हा जहाजाला दोन आठवडे लागले. म्हणजे आजच्या दहा तासांच्या जागी ३३६ तास! त्याआधी १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला गेले, तेव्हा माता रमाई परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. खुशालीचे पत्र यायलाही आठवडे लागत. अंतर खरे कोणी मोजले असेल, तर ते रमाईने.

हीथ्रोवर उतरल्यावर आपली पावले कुठे वळणार, हे सांगायला नको. भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन धरावी, लेस्टर स्क्वेअरला गाडी बदलावी आणि नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरावे. तिथून चालत किंग हेन्रीज रोडवरचे दहा क्रमांकाचे घर गाठता येते. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने हे घर घेतले. पुढे संग्रहालयाला हरकती निघाल्या. अखेर २०२० साली ब्रिटिश सरकारने परवानगी दिली.

विमानाने तास कमी केले, पण तिकीट आणि फी यांचे अंतर अजून मोठेच आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची जाहिरात, अटी आणि मुदत समाजकल्याण कार्यालयात विचारा. दहावी-बारावीच्या लेकरांना आजच सांगा. बाबासाहेबांनाही १९२० साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली होती, हेही सांगा.

मग आजीने विचारले, की सांगू, "आजी, रात्री बसली की सकाळी पोचते. तू फक्त तिला शिकू दे."

जयभीम!