ससेहोलपट

मराठीतील काही शब्द आपण जन्मभर वापरतो आणि त्यांत दडलेला प्राणी आपल्याला दिसत नाही. ‘ससेहोलपट’ हा त्यांपैकी एक. विद्यापीठाच्या कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हिंडणाऱ्या विद्यार्थ्याची होते ती ससेहोलपट, असे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. शिकाऱ्यापुढे जीव घेऊन पळणारा ससा त्या शब्दात आहे, याची खरी आठवण मात्र मला झाली ती मे २०२३ मध्ये, नेदरलँड्सहून इंग्लंडकडे निघालेल्या मोटारीच्या मागच्या आसनावर, दोन सशांच्या पेटीवर हात ठेवून बसले असताना.

माझी धाकटी बहीण अकरा वर्षे लायडेनला होती. तिच्या यजमानांना इंग्लंडमध्ये रेडिंगला नोकरी मिळाली, ते दोन महिने आधी पुढे गेले, आणि घर आवरायला मदत म्हणून उन्हाळी सुटीत मी तिच्याकडे गेले. सामान आधीच रवाना झाले होते. उरलो होतो आम्ही दोघी, नऊ वर्षांची भाची आणि तिचे दोन ससे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला तो तीळ, आणि तपकिरी रंगाची ती गूळ. गूळ हा शब्द पुल्लिंगी आहे, हे मी भाचीला सांगून पाहिले. तिने ते ऐकून घेतले आणि गूळ ‘ती’च राहिली.

दोघांना एखाद्या चांगल्या घरी देऊन टाकावे, असे मी पहिल्याच दिवशी सुचवले होते. भाची काही बोलली नाही; उठून सशांपाशी जाऊन बसली. बहीण म्हणाली, “ताई, पुन्हा हा विषय काढू नकोस.”

सशाला प्रवासाला नेणे हे कुत्र्याला नेण्याइतके सरळ काम नाही, हे मला त्या आठवड्यात कळले. सशाला ओकारी होत नाही. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. भीतीने किंवा उन्हाने त्याने खाणे सोडले आणि अर्धा-एक दिवस तसाच गेला, तर ते मंदावते आणि जिवावर बेतते. म्हणून प्रवासाआधी त्याला उपाशी ठेवायचे नसते. पेटीत वाळलेले गवत भरपूर हवे, मोटारीत गारवा हवा. दोघांना एकाच पेटीत ठेवायचे, कारण सोबतीचा वास हाच त्यांचा धीर. ससा दुखले-खुपले तरी ओरडत नाही. शिकार होणाऱ्या जातीला दुखणे लपवावेच लागते. त्यामुळे तो खातो आहे की नाही, एवढ्यावरच लक्ष ठेवायचे. ते काम माझ्याकडे आले.

त्यांची तयारी चालू असताना माझी स्वतःची तयारी एका जाड फाईलमध्ये होती. शेंगेन देशांचा एक व्हिसा आणि ब्रिटनचा दुसरा. वेतनाच्या पावत्या, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे, प्राचार्यांचे ना-हरकत पत्र, घराची कागदपत्रे, बहिणीचे निमंत्रण. मी परत जाईन, याचा पुरावा असे त्या फाईलचे एका वाक्यात वर्णन करता येईल.

पहाटे निघालो. रॉटरडॅम मागे पडले, बेल्जियम केव्हा लागले ते रस्त्याच्या कडेच्या निळ्या पाटीवरून कळले. पुढे अँटवर्प, गेंट. मग पाट्यांवरची भाषा बदलली आणि फ्रान्स आले. कोणी थांबवले नाही, कोणी विचारले नाही. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १९८५ मध्ये पाच देशांनी केलेल्या कराराचे हे फळ. आमच्याकडे जिल्ह्याच्या हद्दीवर निवडणुकीच्या दिवसांत याहून अधिक तपासणी होते. दर दोन तासांनी आम्ही थांबत होतो. गूळ काडी-काडी चघळत होती. तीळ तिच्यामागे तोंड खुपसून बसला होता.

त्या दोघांकडे पाहताना आपल्या भाषेची एक गंमत मनात आली. मराठीत ससा एकच. शशांकाच्या अंगावरचा डाग, कासवाशी शर्यत हरणारा आळशी, पंचतंत्रात सिंहाला विहिरीत पाडणारा चतुर, ‘शशशृंग’ या शब्दात नसलेली शिंगे मिरवणारा, सगळे एकच. परंतु आपल्या माळावरचा ससा बीळ करीत नाही. तो गवतात उघड्यावर राहतो आणि त्याची पिले केसाळ अंगाने, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव ससा हा निराळ्याच कुळीचा. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे, तो बीळ खणणारा, आणि त्याची पिले उघडी, आंधळी जन्मतात. आपल्याकडे बाजारात विकले जाणारे पांढरे ससे म्हणजे याच परक्या कुळीचे वंशज. म्हणजे त्या मोटारीत युरोपचे मूळ रहिवासी दोघे होते, आणि ते पेटीत होते. बाहेरचे होतो ते आम्ही तिघी.

काले शहराजवळ कोकेल येथे समुद्राखालच्या बोगद्यातून मोटारी नेणारी रेल्वे सुटते. फ्रान्सची तपासणी तेथे होतेच. ब्रिटनमध्ये प्रवेशाची तपासणीही फ्रान्सच्याच भूमीवर होते. आमच्या पुढच्या मोटारीत एक कुत्रा होता. त्याच्या मालकाकडे कातडीखालच्या चिपेचा क्रमांक, रेबीजची लस, जंताचे औषध दिल्याची नोंद असे सगळे कागद होते. बहिणीनेही सशांचे लसीकरणाचे दाखले आणि डॉक्टरांचे पत्र हाताशी काढून ठेवले होते. ते कोणीही मागितले नाहीत. मागण्याचे कारणच नव्हते. युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये येणाऱ्या पाळीव सशाला लस, चिप वा पारपत्र यांपैकी काहीच लागत नाही.

माझी फाईल मात्र उघडली. खिडकीतला अधिकारी सौजन्याने बोलत होता. कशासाठी, किती दिवस, परतीचे तिकीट, घरी कोण असते. काय शिकवता? मराठी साहित्य, म्हणाले. कोणासाठी परत जाणार, असे त्याने विचारले नाही. पण ‘घरी आई असते, मी तिला सांभाळते’ हे वाक्य मी आपण होऊन दोनदा उच्चारले. मागून भाचीने हळूच विचारले, “मावशीला सोडतील ना?” शिक्का पडला, तेव्हा माझ्या तळहातांना घाम आला होता. पेटीत गूळ गवत खात होती.

नंतर मी विचार केला, की हा काही सशांचा मोठेपणा नव्हता. हेच तीळ आणि गूळ साताऱ्याहून निघाले असते, तर त्यांना ब्रिटनचा आयात परवाना लागला असता आणि रेबीजच्या भयाने चार महिने विलगवासात काढावे लागले असते. जात तीच, रंग तोच, भित्रेपणाही तोच. सीमेवर विचारले जाते ते तू कोण हे नव्हे. तू कोठून आलास, एवढेच. ऑस्ट्रेलियाने तर न्यूझीलंड वगळता सर्व देशांच्या पाळीव सशांना दार बंद केले आहे. १८५९ मध्ये व्हिक्टोरियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेने इंग्लंडहून आणलेले काही ससे सोडले, त्यांच्या संततीने कुरणे फस्त केली, पश्चिम ऑस्ट्रेलियाला १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपणे घालावी लागली, आणि तीही पुरी पडली नाहीत. आजचा एखादा ससा त्या पूर्वजांसाठी अडवला जातो.

बोगद्यातला प्रवास पस्तीस मिनिटांचा. मोटार डब्यात उभी, आपण मोटारीत बसलेले, बाहेर काहीच दिसत नाही. भाची झोपली होती. मी बहिणीला विचारले, “भारतात केव्हा येणार?”

“हे दोघं आहेत तोवर कठीण आहे,” ती पेटीकडे पाहत म्हणाली. “सामानासोबत न्यायची सोय कुत्र्या-मांजरांना आहे, यांना नाही. परवान्याची वेगळी यातायात. आणि विमानात एवढे तास हे जगतील की नाही, कोण सांगणार?”

“किती वर्षं जगतात?”

“दहा. कधी बाराही. आत्ता तीन वर्षांचे आहेत.”

हे सगळे खरे होते. गेल्या अकरा वर्षांतली तिची सगळीच कारणे खरी होती. आधी प्रबंध, मग घराचे कर्ज, मग भाचीची शाळा. खोट्या कारणाशी भांडता येते. खऱ्या कारणाशी कसे भांडणार? माझा राग सशांवर नव्हता. आईची औषधे, दवाखाना, रात्रीचे उठणे हे सारे माझ्याकडे आहे आणि ते तसेच राहणार, हे मला समुद्राखाली, एका सशाच्या आयुर्मानाच्या हिशेबातून कळत होते. तीळने तेव्हा पहिल्यांदा तोंड बाहेर काढून गवताची काडी ओढली. आम्ही दोघींनी एकदमच सुटकेचा श्वास टाकला. त्या क्षणी तरी आम्ही एका बाजूला होतो.

रेडिंगला पोहोचल्यावर आईला फोन लावला. ती शहात्तर वर्षांची आहे, साताऱ्याच्या घरातून हलत नाही. तिने पहिला प्रश्न केला तो सशांचाच.

“नीट पोचले का गं?”

“हो. अडवलं नाही कोणी.”

“दोघांना बरोबर नेलं म्हणजे तिचं तिथंच राहायचं ठरलं.”

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तिने विचारले, “काय घालते त्यांना खायला?”

“गवत. वाळलेलं.”

“गवत काय इथं नाही का?” आई म्हणाली.